संचालक पाहिजेत, नातेवाईक नकोत

आमच्या कंपनीच्या संचालक मंडळात तीन माणसं होती आणि तिघांचं नाक एकच होतं. नाकाबद्दल माझी तक्रार नाही. पण तिघांचं डोकंही एकच होतं, आणि ते बाबांच्या खांद्यांवर होतं. काका आणि मी फक्त ते हललं की आपापली मान हलवायचो. त्याला आम्ही एकमत म्हणायचो. आमच्या मंडळात इतक्या वर्षांत मतभेद झाला तो एकदाच, पंखा तीनवर ठेवायचा की चारवर यावरून. तोही पंख्याने स्वतःच बंद पडून मिटवला.

आम्ही शिड्या बनवतो. घडीच्या, सरळ, भिंतीला टेकवायच्या, सगळ्या. कारखान्यात सव्वीस माणसं आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांचं काम एकाच गिऱ्हाइकामुळे चालतं. हे गिऱ्हाईक म्हणजे वीजकंपनी. तर त्या वीजकंपनीचं एक पत्र आलं. यापुढे ज्यांच्याकडे 'वैविध्यपूर्ण आणि धोरणात्मक संचालक मंडळ' आहे त्यांच्याकडूनच माल घेतला जाईल. मंडळात किमान दोन माणसं कुटुंबाबाहेरची, त्यातली एक तरी बाई, आणि तीन वर्षांची योजना. मुदत नव्वद दिवस.

बाबांनी पत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

"धोरणात्मक म्हणजे?"

"लांबचं बघणारं," काका म्हणाले.

"मग माझा चष्मा बदलून घेतो. एवढ्यासाठी माणसं कशाला बदलायची?"

पण सव्वीस माणसांचा प्रश्न होता. बाबा तिरसट आहेत, निर्दय नाहीत. त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तू हे पार पाड. पार पडलं की माझी खुर्ची तुझी. मी त्र्याहत्तरचा झालो. आता पुरे."

माझं वय चव्वेचाळीस. या वयात लोकांची पोरं कॉलेजात जातात. मी अजून युवराजच होतो. खुर्चीचं नाव काढल्याबरोबर मला वैविध्याबद्दल एकदम कळकळ वाटायला लागली. खोटं कशाला बोलू?

आता 'कुटुंबाबाहेरचा' हा शब्द पत्र लिहिणाऱ्याला सोपा वाटला असेल. त्याला आमचं कुटुंब माहीत नव्हतं.

"माझा साडू घे," काका म्हणाले. "साडू म्हणजे घरातला नव्हेच. आमचं पटतसुद्धा नाही."

दुपारी आत्याचा फोन. "माझा जावई बसून आहे घरी. जावई परक्या घरचा असतो, हे तुझ्या बाबांनीच माझ्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. बोलला काहीच नाही, पण इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि तो इस्त्रीचा शर्ट घालतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. कुठल्या खात्यातले ते कुणालाच ठाऊक नाही, पण निवृत्त मात्र ते पक्के आहेत. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "मंडळात एक वकील पाहिजे, भांडणांसाठी. एक डॉक्टर पाहिजे, तुमच्या वडिलांसाठी. आणि एक अनुभवी, निवृत्त, शांत डोक्याचा माणूस पाहिजे."

"तो कशासाठी?"

"वकील आणि डॉक्टरसाठी," ते म्हणाले आणि जिन्याच्या कठड्याला टेकून माझ्याकडे इतक्या शांत डोक्याने बघत राहिले, की मला वरच्या मजल्यावर काम आहे असं सांगावं लागलं. आमच्या घराच्या वर मजलाच नाही.

समोरच्या दारातल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "एवढी धावाधाव कसली? बाई तर तुमच्या घरातच आहे की. सही घ्या आणि मोकळे व्हा."

ही अक्कल आमच्याकडे पुष्कळांनी वापरली आहे. कितीतरी कंपन्यांच्या कागदांवर बायका संचालक असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. कागद पुढे येतो, बोट दाखवलं जातं, सही होते, आमटी उतू जाते. मला त्याची चीड आहे, असं मी चारचौघांत सांगतो. तरी मी बायकोला विचारलंच.

"अहो, गप्प बसायला मला हे घर पुरे आहे," ती म्हणाली. "त्यासाठी कारखान्यात कशाला येऊ? आणि मी बाहेरची कशी? वीस वर्षं तुमच्या घरात मला बाहेरची म्हणायचं होतं तेव्हा म्हणून झालं ना सगळ्यांचं?"

मी पिशवी उचलली. अशी वाक्यं ऐकायची आणि भाजी आणायला जायचं.

शेवटी पेपरात जाहिरात द्यायची ठरली. मसुदा मी लिहिला: 'शिडी उत्पादक कंपनीस स्वतंत्र विचारांच्या संचालक व्यक्ती पाहिजेत.' काकांना तो उद्धट वाटला. त्यांनी छापायला देताना परस्पर एक शब्द घातला. जाहिरात आली ती अशी: 'स्वतंत्र विचारांच्या, आज्ञाधारक संचालक व्यक्ती पाहिजेत.'

अकरा अर्ज आले. दहा नातेवाइकांचे. अकरावा खालच्या मजल्यावरून.

मुलाखतीच्या दिवशी मी कोट घालून बसलो होतो. एकेक मावसभाऊ येऊन चहा पिऊन जात होता. इतक्यात दारातून आधी शिडीचं टोक आत आलं, मग शिडी, आणि तिच्या मागून ती खांद्यावर पेलणारी एक ठेंगणी, पस्तीस-चाळिशीची बाई. रखवालदाराने तिला विचारलं होतं, संचालक मंडळाचं काम आहे का? तिने सांगितलं होतं, आहे, आणि चांगलंच आहे.

"बसा," मी म्हणालो. "आपला अनुभव?"

"पंधरा वर्षं."

"कशाचा?"

"तुमच्या शिडीचा." तिने शिडी भिंतीला उभी केली. "मी इलेक्ट्रिशियन आहे. ही तिसरी घेतली तुमच्याकडून. तिन्हींचा ताप एकच. परत घ्या नाहीतर नीट करून द्या."

मला खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: बाई आहे, नात्यातली नाही, आणि मुदतीचे एकोणीस दिवस उरलेत. मी तिला संचालक व्हायला सांगितलं.

ती हसली नाही. "म्हणजे शिडी बदलून देणार नाही?"

"तुम्ही संचालक झालात तर तुम्हीच ठरवाल."

"मग होते," ती म्हणाली. इतक्या कमी वेळात आमच्या कंपनीत कधीही काहीही ठरलं नव्हतं.

दुसरा माणूस बायकोने सुचवला. घरातल्या कपाटाच्या खणात एक जाड पाकीट होतं. एका ग्रंथपालाने नऊ वर्षांत लिहिलेली अकरा तक्रारपत्रं. काकांनी प्रत्येकाला एकच उत्तर पाठवलं होतं: 'वापराने सवय होईल. लोभ असावा.'

"कंपनीची एवढी काळजी तुमच्यापैकी तरी कुणी केली आहे का?" बायको म्हणाली. "नऊ वर्षं उत्तर नाही, तरी लिहितोय माणूस."

मी वाचनालयात गेलो. ग्रंथपालांना वाटलं मी माफी मागायला आलोय. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि वाट बघत राहिले. मी संचालकपदाचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "येतो. पण आधी चौथ्या पत्राचं उत्तर लेखी द्या. बाकीच्या दहांचं राहू दे." मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. पत्र मी वाचलंच नव्हतं, त्यामुळे मी लिहिलं, 'आपलं म्हणणं खरं आहे.' त्यांनी ते तीनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला लाज वाटली, पण मुदतीपुढे लाज टिकत नाही.

मग नोंदणीचं कार्यालय. नव्या संचालकाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'सध्याच्या संचालकांशी नाते.' त्यात वडील, पती, भाऊ, काका, दीर, व्याही असे चौदा पर्याय होते. 'नाही' हा पर्याय नव्हता. फॉर्म बनवणाऱ्याला अशी वेळ कुणावर येईल हे सुचलंच नसावं, आणि त्यात त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

"रिकामा ठेवतो," मी खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो.

"रिकामा चालत नाही."

"पण नातं नाहीच."

"मग नातं नसल्याचा पुरावा आणा."

"तो कोण देतं?"

"कुटुंबप्रमुख."

"पण कुटुंबच नाही तर प्रमुख कुठून आणू?"

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. आवाज खाली आणला. "असं करा, दूरची बहीण लिहा. सरकेल पुढे."

पुढे सरकलं असतं आणि वीजकंपनीच्या दारातून बाहेर सरकलं असतं! चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी इलेक्ट्रिशियनबाईंनाच घेऊन गेलो. कामावरून आल्या होत्या, कमरेला पान्ह्यांचा पट्टा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीत वाकल्या.

"दादा, तुमचं माझं काही नातं आहे?"

"नाही," कारकून म्हणाला.

"पुरावा?"

कारकुनाने खण ओढला. मग त्याने 'इतर' असा शिक्का शोधून काढला. तो खणात तळाशी होता आणि नवाकोरा होता. मुदत संपायला सहा दिवस असताना आमचं मंडळ पाच जणांचं झालं.

पहिल्या सभेला काका तयारीने आले. आमच्याकडे सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवायची पद्धत आहे. काकांनी ते पाचही जणांपुढे ठेवलं. ग्रंथपाल माणूस, कागद समोर आला की वाचणारच.

"'तीन वर्षांची योजना सर्वानुमते मंजूर. विद्यमान अध्यक्षांच्या जागी चिरंजीवांची निवड टाळ्यांच्या गजरात,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे कधी झालं?"

"आता होईल," काका म्हणाले. "आधी लिहिलं की वेळ वाचतो."

"योजना काय आहे?" इलेक्ट्रिशियनबाईंनी विचारलं.

काकांनी दुसरा कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: 'पूर्वीप्रमाणेच, परंतु अधिक.'

ग्रंथपालांनी तीही मोठ्याने वाचली. मग बाईंनी बाबांना विचारलं, "साहेब, तुमच्या शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर कोणी ठरवलं?"

"आमच्या वडिलांनी," बाबा अभिमानाने म्हणाले.

"कशावरून?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन नाकं, एकच प्रश्न. शेवटी काका म्हणाले, "त्यांच्या पायावरून. पहिली शिडी त्यांनी स्वतःसाठी केली होती. मग तेच माप."

"उंची किती होती त्यांची?"

"सव्वासहा फूट," बाबा म्हणाले. "हातही असे लांब."

"मी पाच फूट आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं मधल्या पायऱ्यांच्या जागी दोरीचे फास बांधून चढते. माझ्या ओळखीच्या आठ जणी तेच करतात."

ग्रंथपालांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "माझी अकराही पत्रं याच विषयावर आहेत. आमच्या वरच्या फळ्यांवरची पुस्तकं नऊ वर्षं कोणी काढली नाहीत."

इथे माझा स्वाभिमान डिवचला गेला. होणारा अध्यक्ष होतो मी. "असं काही नाही," मी म्हणालो. "सवय असली की होतं. चला, दाखवतो."

मी जन्मात शिडीवर चढलो नव्हतो. शिड्या विकल्या होत्या, मोजल्या होत्या, त्यांच्यावर भाषणं केली होती. पण कोट घालून ऑफिसात बसणाऱ्याला वर जायची गरज काय? आणि उंचीने मी आईवर गेलोय.

अंगणात शिडी लागली. कामगार हातातली कामं टाकून आले. वर चढणं जमलं. हाताने स्वतःला ओढत, गुडघे आपटत, मी सहाव्या पायरीपर्यंत पोचलो. वरून हात हलवला. टाळ्या पडल्या. मग उतरायला उजवा पाय खाली सोडला आणि तो नुसताच लोंबकळत राहिला. खाली काहीच लागेना. आणखी सोडला. तरी काही नाही. आजोबांची पायरी कुठेतरी खाली होती, माझ्या पायाच्या आवाक्याबाहेर.

"या खाली," काका म्हणाले.

"येतो."

"या ना."

"येतो म्हटलं ना!"

मी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. कोटाची शिवण पाठीवर उसवली, त्याचा आवाज खालपर्यंत गेला. कामगारांत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. जन्मभर जपलेली प्रतिष्ठा अकरा फुटांवर अशी लटकत असताना माणसाच्या मनात फार थोर विचार येत नाहीत. माझ्या मनात आलं, आजोबांनी स्वतःपुरतं माप घेतलं आणि आम्ही ते पूजत बसलो. कुणाचा पाय पोचतो की नाही, हे एकदाही विचारलं नाही.

"सभा तहकूब करू या," काका म्हणाले.

"आजच ठराव पाठवायचा आहे," मी वरून ओरडलो. "शेवटचा दिवस!"

"सभा जमिनीवरच घ्यावी असं नियमात नाही," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी नियम वाचले होते. आमच्या कंपनीचे नियम वाचणारे ते पहिलेच.

मग खुर्च्या अंगणात आणल्या. बाई शिडीचा पाय धरून उभ्या राहिल्या. बाबा खुर्चीत बसून वर माझ्याकडे बघत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "माझाही पाय पुरायचा नाही."

"काय?" काका म्हणाले.

"दहा वर्षांचा होतो. वडिलांनी चढवलं. असाच अडकलो. ते खालून म्हणाले, सवय होईल. त्यानंतर मी कधी चढलोच नाही."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, मला वाटायचं माझ्या गुडघ्यातच दोष आहे!"

त्र्याहत्तर आणि अडुसष्ट वर्षांची ही दोन माणसं एकाच घरात राहिली, एकाच शिडीला घाबरली, आणि एकमेकांना एका शब्दाने बोलली नाहीत. दोन परकी माणसं येऊन बसली नसती तर अजूनही बोलली नसती. मला रडू यावं की हसू हे ठरवायला माझ्याकडे हात मोकळे नव्हते.

बाईंनी योजना तोंडीच सांगितली. पहिल्या वर्षी तीन मापांच्या शिड्या. दुसऱ्या वर्षी शिड्या वापरणाऱ्या शंभर जणांना विचारून सुधारणा. तिसऱ्या वर्षी जी चालेल ती वाढवायची. पाचही हात वर झाले. माझा हात म्हणजे एक बोट.

मग अध्यक्षपदाचा ठराव आला. ग्रंथपाल म्हणाले, "माझी दुरुस्ती आहे. निवड एक वर्ष पुढे. तोपर्यंत चिरंजीवांनी शिड्या वापरणाऱ्यांबरोबर काम करावं. मग बघू."

बाई दुरुस्तीच्या बाजूने. काका विरोधात, लिहिलेलं खोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. बाबा विरोधात. "पोरगं आहे माझं," ते म्हणाले. "आज त्याच्याविरुद्ध बोट कसं उचलू?"

दोन विरुद्ध दोन. सगळ्या माना वर झाल्या. सव्वीस कामगारांच्याही.

खुर्ची खाली अंगणातच होती, बाबांच्या खाली. एक शब्द बोललो की माझी. चव्वेचाळीस वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली होती. आणि माझा उजवा पाय हवेत पायरी शोधत होता. मी मनाने थोर आहे म्हणून बोललो असं कुणी समजू नये. मला एवढंच कळलं होतं, की मी ज्या वस्तूचा अध्यक्ष होणार होतो ती मला वापरता येत नाही.

"दुरुस्तीच्या बाजूने," मी म्हणालो. "आता कुणीतरी मला उतरवा."

बाई खालून चार पायऱ्या चढून आल्या. माझा बूट हातात धरला. "पाय सैल सोडा, दादा. मी ठेवते तिथे भार द्या." एकेक पायरी त्यांनी माझा पाय ठेवत मला खाली आणलं. बाबा उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्या कोटाची उसवलेली शिवण बघितली आणि पाठीवर तिथेच हात ठेवला. असं त्यांनी याआधी केल्याचं मला आठवत नाही.

वीजकंपनीचा माणूस महिन्याने आला. मंडळाची सभा चालू होती. दोन पायऱ्यांत किती बोटांचं अंतर असावं यावर काका आणि ग्रंथपाल पाऊण तास भांडले. काकांनी चक्क बाबांना विरोध केला आणि नंतर दोन पेले पाणी प्यायले. तो माणूस शेवटपर्यंत बसून राहिला. जाताना नव्या मापाच्या चाळीस शिड्या चाचणीसाठी सांगून गेला. बाकीचं काम चाचणीवर अवलंबून. आता सव्वीसही जण कामावर आहेत आणि पायऱ्या ठोकणाऱ्यांना उसंत नाही.

मी सोमवारपासून इलेक्ट्रिशियनबाईंबरोबर जातो. माझं काम शिडी खांद्यावरून नेणं, लावणं आणि खाली धरून उभं राहणं. पहिल्याच दिवशी एका दुकानाबाहेर भर बाजारात मला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी बघितलं. "अरेरे," ते म्हणाले, "हे काय दिवस आले!" मी त्यांना उत्तर द्यायला मान वळवली, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, गप्पा नंतर. घट्ट धरा. वर कंपनीची संचालक आहे."